मधात पडलेला दगड : हुशार मुलं, भौतिकशास्त्र आणि आपण



आयोजकांनी विषय दिला तो असा : माध्यमिक शाळेतल्या फार हुशार मुलांना भौतिकशास्त्रात आव्हान कसं द्यावं. मी त्यांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेवटचा गेलो तो इंटर सायन्सला, आणि तिथेही माझ्या हातून व्हर्नियर कॅलिपर पडला होता. (हशा) ते म्हणाले, म्हणूनच बोलवतोय. आता याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

पण थोडा अधिकार आहे. निवृत्तीनंतर गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या एका शाळेत दर शनिवारी जातो. शाळा सुटल्यावर नववी-दहावीची बारा-पंधरा मुलं थांबतात. शिक्षकांनीच निवडलेली, म्हणजे वर्गात ज्यांचं काम सगळ्यांच्या आधी संपतं अशी. आज जे बोलणार आहे ते त्या शनिवारांवरून. आधी तक्रार सांगतो, मग माझी स्वतःची चूक सांगतो.

तक्रार अशी. हुशार मूल दिसलं की आपण दोन गोष्टी करतो. एक, त्याला पुढे ढकलतो. आठवीत असेल तर नववीचं, नववीत असेल तर अकरावीचं. ‘फाउंडेशन’ नावाच्या बॅचा आठवीपासून, कुठे कुठे त्याच्याही आधीपासून असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि दुसरं, त्याच जातीची पण जास्त गुंतागुंतीची गणितं देतो. उतारावर एक ठोकळा होता. आता दोन ठोकळे, वर कप्पी, कप्पीलाही वस्तुमान, आणि तो उतारच चाकांवर ठेवलेला. मूल तेही सोडवतं. मग आपण म्हणतो, बघा, याला आव्हान मिळतंय.

गैरसमज नको. मी अवघड गणितांच्या विरुद्ध नाही. एच. सी. वर्मांचं पुस्तक किंवा इरोडोव्हची उदाहरणं मन लावून सोडवणाऱ्या मुलाला पुष्कळ काही मिळतं. पलटे घोटल्याशिवाय गळा तयार होत नाही, हे मान्यच. पण नुसत्या पलट्यांवर कुणाला गायक म्हणत नाहीत. माझा आक्षेप आहे तो यावर की, या दोन्ही उपायांत मुलाच्या मनात जे आधीच आहे त्याला धक्काच लागत नाही. त्यावर मजले चढत जातात फक्त.

याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. हार्वर्डला एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, १९८४ पासून तिथे शिकवतात. मुलं त्यांच्यावर खूश, परीक्षेतली अवघड गणितं सुटतायत, सगळं छान. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात हल्लून आणि हेस्टेनिस यांचं काम आलं. या दोघांनी असे प्रश्न तयार केले होते की ज्यांत आकडेमोड नाही, फक्त समज लागते. त्याच कामातून पुढे जी चाचणी तयार झाली, तिच्यातला एक प्रश्न बघा : अवजड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळली, तर कोण कुणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम तर पाठ असतो, दोन्ही बलं सारखी. पण उत्तर देताना पुष्कळांच्या मनातला ट्रक जिंकतो. माझूरना वाटलं, आपल्या मुलांना हे कसलं अवघड? त्यांनी तसले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं देऊ, की मला एरवी जसं वाटतं तसं? निकाल लागला तेव्हा माझूर हादरले. जगातल्या निवडक हुशार मुलांच्या डोक्यात दोन कप्पे होते. एका कप्प्यात परीक्षेचं भौतिकशास्त्र, दुसऱ्यात खरं वाटणारं. आणि अवघड गणितांनी त्या दोघांमधली भिंत पाडली नव्हती.

आमच्या शनिवारच्या गटात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. नववीत असताना अकरावीचं गतिशास्त्र पूर्ण झालेलं. फार गोड मुलगा, आणि विलक्षण वेगवान. मी पहिल्याच दिवशी विचारलं, सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात वरच्या बिंदूला क्षणभर थांबतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? दोघातिघांनी ‘शून्य’ म्हटलं. हा म्हणाला, ‘नऊ पॉइंट आठ, खालच्या दिशेने.’ बरोबर. मी विचारलं, का? म्हणाला, ‘कारण जी कॉन्स्टंट असतो, सर.’ मी म्हटलं, समज त्या क्षणी वेगही शून्य आहे आणि त्वरणही शून्य, तर चेंडूचं पुढे काय होईल? तो गप्प. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. वेग शून्य आणि त्वरणही शून्यच राहिलं तर चेंडू तिथेच लटकून राहील की! एवढं त्याला सुचायला दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं त्याला फार जड गेली. त्याला दहा मिनिटं अडकून राहण्याची सवय नव्हती. त्याच्या क्लासात एका प्रश्नाला दोन-अडीच मिनिटं असतात.

इथे मला जयंत नारळीकरांचे मोरूमामा आठवतात. मोरेश्वर हुजूरबाजार. नारळीकर लहान असताना हे मामा बनारसला त्यांच्याकडे राहायला होते, विद्यापीठात शिकत होते. ‘चार नगरांतले माझे विश्व’ पुष्कळांनी वाचलं असेल. घरातल्या फळ्यावर मामा गणितातलं एखादं कोडं लिहायचे आणि वर लिहायचे की हे जे. व्ही. एन. यांना आव्हान. कोडं सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार कबूल करेपर्यंत, ते फळ्यावर तसंच राहायचं. मला यातलं कोडं महत्त्वाचं वाटत नाही, ते फळ्यावर राहणं महत्त्वाचं वाटतं. जेवताना दिसतंय, झोपायला जाताना दिसतंय. त्याला घड्याळ लावलेलं नव्हतं, मार्क नव्हते. आणि हार मानायचीही सोय होती, तीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

तर आता माझी चूक.

गॅलिलिओचा एक युक्तिवाद मी तीस वर्षं तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवला. १६३८ साली लायडनला छापलेल्या त्याच्या ‘दोन नव्या विज्ञानां’वरच्या पुस्तकात तो आहे, संवादरूपाने. ॲरिस्टॉटलचं म्हणणं, जड वस्तू जास्त वेगाने पडते. ठीक. समजा मोठ्या दगडाचा वेग आठ आणि लहान दगडाचा चार. आता दोघांना बांधा. लहान दगड हळू, तो मोठ्याला मागे ओढणार, म्हणून जोडीचा वेग आठपेक्षा कमी. पण जोडीचं वजन मोठ्या दगडापेक्षाही जास्त, म्हणून वेग आठपेक्षा जास्त! एकाच गृहीतकातून दोन विरुद्ध निष्कर्ष. म्हणजे गृहीतक गेलं. मला हे इतकं आवडायचं की मी ते जादूगाराच्या थाटात सांगायचो. मुलं टाळ्या वाजवायची.

शनिवारच्या मुलांनाही तसंच सांगितलं. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली, ‘सर, मधात टाकले तर? मधात तर मोठा दगड खरंच आधी बुडतो. मग तिथे हे सगळं का नाही लागू होत? दगड तर तिथेही बांधता येतात.’

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘तिथे माध्यमाचा विरोध येतो, तो वेगळा विषय आहे. आपण विषयांतर नको करूया.’ ती म्हणाली, ‘बरं सर.’ आणि बसली.

ते ‘बरं सर’ माझ्याबरोबर घरी आलं. रात्री अकरा वाजता मी पुस्तक काढलं. आणि लक्षात आलं की गॅलिलिओ स्वतः त्याच पुस्तकात पुढे हवा, पाणी, पारा अशा वेगवेगळ्या माध्यमांचा विचार करतो. त्या मुलीने विचारलं ते गॅलिलिओच्या पुढच्या पानांवर होतं. मीच तेवढा उतारा संपला की पुस्तक मिटत आलो होतो, तीस वर्षं.

तिचा प्रश्न तर्काच्या अंगाने बघा, किती नेमका आहे. तो युक्तिवाद जर शुद्ध तर्काने ‘सगळ्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात’ हे सिद्ध करत असेल, तर तो मधातही सिद्ध व्हायला हवा. तर्काला हवा आणि मध यांत फरक नसतो. आणि मधात ते खोटं आहे. म्हणजे युक्तिवाद ते सिद्ध करतच नाही! मग काय सिद्ध करतो? एवढंच की वेग फक्त वजनावर अवलंबून असू शकत नाही. हे मधातही खरं आहे. पण ‘फक्त वजनावर नाही’ यातून ‘सगळे सारखेच पडतात’ हे निघत नाही. त्यासाठी जगाकडे बघावं लागतं. गॅलिलिओ उतरत्या फळीवरून गोळे सोडत बसला तो उगाच नाही. आणि १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं, तिथे हवा नाही म्हणून.

पुढच्या शनिवारी मी वर्गात सांगितलं की गेल्या वेळी माझं चुकलं, प्रश्न विषयांतराचा नव्हता. हे म्हणायला मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर इतकं जड का जावं, हा वेगळा विषय आहे. खरंच वेगळा. (हशा)

मग मुलांनीच प्रयोग ठरवला. मध महाग, म्हणून एरंडेल. दगड बांधायला कठीण, म्हणून काचेचे मणी, भोकं तयारच असतात. एक उंच बरणी, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. एरंडेलात पाच मिलिमीटरचा मणी सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर असा सावकाश उतरतो, शाळकरी हातांनी सहज मोजता येतो. मोठा मणी एकटा सोडला. लहान एकटा सोडला, तो हळू. मग दोघांमध्ये चांगला बोटभर लांब दोरा ठेवून बांधले. जोडी मोठ्या मण्यापेक्षा हळू आणि लहान मण्यापेक्षा जलद गेली. वजन दोघांपेक्षा जास्त, वेग मधला. गॅलिलिओचा अर्धा युक्तिवाद डोळ्यांसमोर तेलात उतरत होता. कारण सोपं आहे : जोडीचं वजन वाढलं तसा तेलाचा विरोधही वाढला, आणि वेग त्या दोघांच्या हिशोबातून ठरतो.

माझ्या मते इथे प्रयोग संपला होता. मुलांच्या मते नव्हता. कुणीतरी दोन सारखेच मणी दोऱ्यात अगदी चिकटून ओवले आणि सोडले. आता तो वेगवान मुलगा पुढे आला. त्याला स्टोक्सचा नियम येत होता. विरोध हा मण्याच्या त्रिज्येच्या आणि वेगाच्या प्रमाणात. त्याने कागदावर दोन ओळींत सांगितलं, वजन दुप्पट, विरोध दुप्पट, म्हणून जोडीचा वेग एका मण्याइतकाच येणार. बरोबर हिशोब. सोडले. जोडी एकट्या मण्यापेक्षा लवकर तळाला गेली. थोडीथोडकी नाही, उघड दिसेल इतकी लवकर.

तो म्हणाला, ‘प्रयोग चुकलाय.’ परत केला. परत तेच. पाच वेळा केला. सहाव्या वेळी तो माझ्याकडे बघून चिडून म्हणाला, ‘मग काय फॉर्म्युला चुकलाय का?’

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं. घरी जाऊन आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, स्टोक्सचा नियम अथांग द्रवात एकट्याच पडणाऱ्या गोळ्यासाठी आहे. पडणारा गोळा आसपासचं तेलही खाली ओढत नेतो. शेजारच्या गोळ्याला ते आधीच चाललेलं तेल मिळतं, म्हणून दोघांना मिळून विरोध दुप्पट होत नाही, कमी होतो. दोन गोळ्यांचं हे गणित १९२६ साली स्टिम्सन आणि जेफरी यांनी सोडवलेलं आहे. एकाखाली एक असे चिकटलेले दोन सारखे गोळे एकट्या गोळ्याच्या दीडपटीहून थोड्या जास्त वेगाने पडतात. बरणीच्या भिंतींमुळे आकडा बदलतो, ते वेगळं.

म्हणजे फॉर्म्युला चुकला नव्हता. त्याच्या डोक्यावरची अट गळून पडली होती. ‘एकटा गोळा’ हे दोन शब्द. वेगाने शिकवताना सगळ्यात आधी काय गळतं तर हे शब्द. मुलाकडे सूत्र पोचतं, पण ते कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे वाटेतच सांडतं. आणि हुशार मूल जितकं पुढे गेलेलं, तितकी न अटींची सूत्रं त्याच्याकडे जास्त.

हे सगळं मी पुढच्या शनिवारी त्याला सांगणार होतो. तो आला नाही. आईंचा फोन आला, ‘सर, त्याची टेस्ट सिरीज सुरू झालीय, शनिवार जमणार नाही.’ मी म्हटलं, हो, काही हरकत नाही. मंडळी, हरकत होती. पण मी कोण? त्यांनी क्लासची दोन वर्षांची फी एकरकमी भरलेली होती. नंतर एकदा तो दारापर्यंत आला, मण्यांचं पुढे काय झालं विचारलं, मी सांगायला लागलो तर म्हणाला, खाली बाबा थांबलेत. एवढंच. मी त्याला क्लासच्या पदरात टाकून मोकळा होऊ शकत नाही. त्या दिवशी सहा वेळा त्याला सगळ्यांसमोर चूक ठरू दिलं आणि एकदाही म्हटलं नाही की तुझा हिशोब उत्तम होता, तो मोडला हे त्याहून उत्तम आहे. ज्या मुलाला आयुष्यात कुणी अडकू दिलेलं नाही, त्याला एकदम खोल पाण्यात सोडणं हेही शहाणपणाचं नव्हे.

बरं, शिक्षकांच्या खोलीत जे इतर उपाय ऐकायला मिळतात त्यांबद्दल थोडक्यात. हुशार मुलाला वर्गातला छोटा शिक्षक करायचा, त्याने इतरांना समजावायचं. यात त्याचा फायदा होतो, समजावताना आपलंच अर्धं कळलेलं उघडं पडतं. पण रोज तेच केलं तर ती शिक्षकाची सोय झाली, मुलाचं शिक्षण नाही. ऑलिम्पियाडबद्दल मला आदर आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून आपला संघ तयार होतो, १९९८ पासून भारत भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातो. तिथल्या पन्नास गुणांपैकी वीस प्रयोगाला असतात, पाच तास हाताने काम करायचं. हे आपल्याकडे फार लोक सांगत नाहीत. जाहिरातीत दिसतं ते पदक. पण तिथे पोचणारी मुलं पाच. आपला प्रश्न उरलेल्यांचा आहे.

आणि शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गात साठ मुलं, विज्ञान भाग एकचा चाळीस गुणांचा पेपर, गुरुत्वाकर्षणाचा धडा दहावीच्या पुस्तकात पहिलाच, जूनमध्ये सुरू होऊन जूनमध्येच संपवायचा. या माणसाला मी म्हणू का की मण्यांचा प्रयोग करा?

त्याला मी बर्फाचा प्रश्न देतो. त्याला सामान लागत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगतोय, वितळल्यावर पाणी सांडेल का? नाही, पातळी तीच राहते. हे बऱ्याच जणांना येतं. आता सूत्र नको, अवघड गणित नको, त्याच प्रश्नाची एकेक अट हलवा. खड्यात हवेचा बुडबुडा असेल तर? तरीही तीच. खडा असेल तर, म्हणजे खरा दगडाचा? पातळी उतरते, दगड तळाला गेला की तो आपल्या आकारमानाइतकंच पाणी बाजूला सारतो, तरंगत असताना वजनाइतकं सारत होता. पेल्यात मिठाचं पाणी असेल तर? चढते. मग समुद्रावर तरंगणारा बर्फ आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ, दोन्ही वितळले तर सारखंच का? आणि पेला अंतराळयानात असेल तर? तिथे मूल म्हणतं की मग ‘तरंगणं’ म्हणजेच काय? माझ्या गटातली एक मुलगी म्हणाली, सर, वितळलेलं पाणी शून्य अंशाचं, ते पुढे चार अंशापर्यंत तापताना आकुंचन पावतं, मग पातळी अगदी तीच कशी राहील? बरोबर आहे तिचं. मी हे उत्तर वीस वेळा ‘अगदी तीच’ असं सांगितलं होतं.

फळ्याच्या कोपऱ्यात असा एक प्रश्न, आठवडाभर, पुसायचा नाही. उत्तर आधी वहीत लिहायचं, कारणासकट, मग बोलायचं. साठांपैकी पन्नास जण बघणारही नाहीत, चालेल. मार्क द्यायचे नाहीत. मार्क दिले की शुक्रवारी संध्याकाळी त्याची गाइडं निघतील. (हशा)

एक चिठ्ठी आलीय. एक आई विचारतायत, मुलगी नववीत आहे, भौतिकशास्त्राची आवड आहे, क्लासला जाते, क्लास सोडवू का?

ताई, मी सोडवा म्हणणार नाही. तिला तिथे आवडत असेल, मैत्रिणी असतील, तर जाऊ द्या. प्रवेश परीक्षा खऱ्या आहेत, त्यांचा सराव लागतो. पण आठवड्यातली एक दुपार तिच्याकडून कुणी मागू नका, तुम्हीही नाही. आणि तिने काही विचारलं, आणि तुम्हाला येत नसेल, तर लगेच मोबाइल काढू नका. दोन दिवस दोघींनी मिळून अडकून राहा. एरंडेल स्वस्त आहे, मणी बाजारात मिळतात. बरणी रुंद घ्या, अरुंद असली तर भिंती मण्याला अडवतात. आणि तेल ओतल्यावर रात्रभर ठेवा, बुडबुडे वर यायला वेळ लागतो. आम्ही पहिल्या दिवशी थांबलो नव्हतो, मणी बुडबुड्यांना चिकटून तिरके जात होते.